सदरच्या गच्चीवरून पन्नास वॉट

अगं, तुझी हॅम रेडिओची, व्हीयू-थ्रीची कॉल साइन आली आणि लगेच तू विचारलंस, "ताई, ऑक्टोबरच्या सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेत बसू का, की वर्षभर नुसत्या गप्पा मारून हात साफ करू?" बस. नक्की बस. परीक्षेचं केंद्र आपल्या नागपुरातच असल्यामुळे धावपळही फार झाली नाही, परवाना हातात आहे, रिग टेबलावर आहे. आता थांबायचं काहून? पण त्याच फोनवर तू हळूच आणखी एक विचारलंस, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. एवढ्या मोठमोठ्या स्टेशनांच्या गर्दीत आपले पन्नास वॉट आणि सदरच्या गच्चीवरची एक तार कुणाला ऐकू जाणार? आणि आपल्या नवखेपणामुळे कुणाचा खोळंबा झाला, कुणी खेकसलं तर?

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे. स्पर्धेतली शिस्त ही लहान स्टेशनची ताकद असते. परदेशात कुणाकडे दीड हजार वॉट असतात, उंच टॉवरवर बीम फिरत असतो. त्याने थोडा गबाळेपणा केला तरी तो ऐकू जातो. तुझ्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला एचएफवर ५० वॉटची मर्यादा आहे. तेव्हा नेमकं कधी बोलायचं, किती बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, एवढंच तुझ्या हातात आहे. आणि ते पुरतं, हे मी अनुभवाने सांगते.

आधी स्पर्धा नीट समजून घे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलण्याची, म्हणजे एसएसबीची स्पर्धा. नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. सलग ४८ तास. बँड सहा: १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर. ३०, १७ आणि १२ मीटरवर स्पर्धा नसतात. ज्यांना शनिवार-रविवारी शांतपणे गप्पा मारायच्या असतात त्यांची ती जागा आहे, तिथे जाऊन "सीक्यू कॉन्टेस्ट" ओरडायचं नाही.

देवाणघेवाण अगदी एवढीशी. "फाइव्ह नाइन" हा रिपोर्ट आणि आपला झोन. जगाचे ४० झोन पाडले आहेत, आपला २२. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं की ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाचा १, आणि भारतातल्या स्टेशनचे शून्य. पण देशी स्टेशनला नाही म्हणू नकोस, कारण त्याच्यामुळे त्या बँडवर देश आणि झोन हे दोन गुणक तर मिळतात. शेवटी सगळ्या गुणांना देश आणि झोन यांच्या बेरजेने गुणतात. म्हणजे जपानी स्टेशनं सकाळी सहज मिळतील, मोठ्ठी ऐकू येतील, पण प्रत्येकाचा एकच गुण. जर्मनी, इटली, पोलंड यांचे तीन-तीन. तार कोणत्या दिशेला ताणायची ते इथूनच ठरतं.

नागपूरहून युरोप वायव्येला. अमेरिकेचा पूर्व किनारा तर जवळजवळ उत्तरेला, ध्रुवाकडून वळसा घालून. साधा डायपोल आपल्या लांबीला काटकोनात जास्त फेकतो, म्हणून तार नैर्ऋत्य ते ईशान्य अशी बांध. जपान मग तारेच्या टोकाच्या दिशेला पडतो, तरी मधला खांब उंच आणि दोन्ही टोकं उतरती ठेवलीस तर तोही मिळतो. २० मीटरला पूर्ण लांबी सुमारे १० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. १५ मीटरला पावणेसात. ४० मीटरसाठी वीस मीटर जागा लागते, ती तुमच्या गच्चीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात बसेल. आणि ४० चा डायपोल १५ वरही बऱ्यापैकी चालतो, त्यामुळे एका तारेत दोन बँड. कापताना हातभर जास्तच ठेव, मीटर लावून एसडब्ल्यूआर बघत थोडी थोडी छाट. तांब्याची तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळेल, कनेक्टर आणि बारीकसारीक सामान बर्डीच्या बाजारात. पण कोॲक्समध्ये काटकसर करू नकोस. पन्नास वॉटांतले दहा-बारा केबलमध्येच मुरले तर उरलं काय? मधोमध बालन लाव आणि जोडावर पाणी शिरणार नाही असा सेल्फ-ॲमाल्गमेटिंग टेप गुंडाळ.

दोरी बांधताना शेजाऱ्यांचा विचार आधी कर. गच्ची सगळ्यांची आहे. कुणाचे सांडगे वाळत असतात, कुणाच्या चादरी. तार डोक्यावरून सात-आठ फूट वर गेली पाहिजे, आणि सोसायटीच्या अध्यक्षांना आधी विचारलं पाहिजे. नुसती परवानगी मागू नकोस, त्यांना वर बोलाव, हेडफोन कानाला लावून जपानी आवाज ऐकव. पुढचं सोपं होतं. संक्रांतीच्या दिवसांत मात्र तार उतरव. आपल्या नागपुरात जेवढे पतंग उडतात त्यात नायलॉनचा एखादा मांजा अडकला तर तार जाईलच, आणि ती सोडवायला कुणी पोरगं कठड्यावर चढलं तर त्याचा जीव धोक्यात.

आता खरा शत्रू सांगते. सदरमध्ये सिग्नल कमी नाहीत, गोंगाट जास्त आहे. रेसिडेन्सी रोडच्या दुकानांचे एलईडी बोर्ड, खालच्या मजल्यावरचा इन्व्हर्टर, प्रत्येक घरातले स्वस्त मोबाइल चार्जर, लिफ्टची मोटर. एस-मीटर कुणी न बोलताच सातवर टेकलेला दिसेल. जो पाचवर येतोय तो तुला ऐकूच येणार नाही, आणि तुला वाटेल की बँड बंद आहे. म्हणून स्पर्धेच्या दोन आठवडे आधी हे काम कर: खिशातला बॅटरीचा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लाव आणि घरभर फिर. जिथे खरखर वाढते तिथे चोर आहे. आपल्याच घरात निम्मे सापडतात. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा अडॅप्टर, ट्यूबची इलेक्ट्रॉनिक चोक. मेन स्विच बंद करून रिग बॅटरीवर चालवून बघ, म्हणजे घरचं किती आणि बाहेरचं किती ते कळेल. घरातल्या चोरांच्या वायरींवर फेराइटच्या कड्या चढव, किंवा दोन दिवस ते बंद ठेवायला सांग. रिगचा १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लायही तपास. हलक्या प्रतीचा स्विचिंग सप्लाय स्वतःच मोठा गोंगाट्या असतो.

ऑक्टोबरअखेरीची आणखी एक गंमत आपल्यालाच माहीत. ही स्पर्धा पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येते. २०१९ मध्ये तर लक्ष्मीपूजन आणि स्पर्धेचा रविवार एकच होता, २७ ऑक्टोबर. प्रत्येक बाल्कनीत चिनी माळा लुकलुकतात आणि त्यांच्या कंट्रोलरची टकटक ४० आणि ८० मीटरवर पसरते. त्यावर भांडून उपयोग नाही, सण आहे. संध्याकाळी १५ आणि १० मीटरवर बस, तिथे ही खरखर कमी असते. खालचे बँड रात्री बारानंतर माळा विझल्यावर धर. घरच्या माळा मात्र जुन्या बल्बच्या लाव, नाहीतर पणत्या.

मे महिन्याच्या शेवटी मोर्सची डब्ल्यूपीएक्स स्पर्धा असते, तेव्हा हाच त्रास कूलरचा. पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करा असं आईला सांगायची हिंमत कुणाची? पण बहुतेक वेळा मोटर नव्हे, तिचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ओरडत असतो. तो बदलून जुना पायऱ्यांचा लावला की झालं.

रिग कोणती, यावर तू तासभर बोललीस. त्यात मी जास्त शिरत नाही. आयकॉमची ७३०० असेल तर उत्तमच, पडद्यावर अख्खा बँड दिसतो. पण हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्ससारख्या घरी जुळवायच्या सेटवरही भारतातल्या कितीतरी हॅमनी परदेश गाठले आहेत. माझ्या मते आधी चांगला हेडसेट घे, ज्याला तोंडापाशी माइक असतो, आणि पायाने दाबायचा स्विच. हात कीबोर्डवर मोकळे राहतात, कान झाकलेले राहतात. लॉगसाठी एनवनएमएम हा मोफत प्रोग्रॅम आहे. आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी त्यावर सराव कर, खोटे क्यूएसओ, म्हणजे संपर्क, टाकून पुसून.

माइकचा गेन आणि कॉम्प्रेशन मात्र जिवापाड सांभाळ. लहान स्टेशनवाल्यांना वाटतं, गेन पूर्ण वाढवला की आपण जास्त लांब ऐकू जाऊ. होतं उलटं. आवाज फाटतो, अक्षरं कळत नाहीत, आणि शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींवर कचरा सांडतो. एएलसीचा काटा हद्दीत ठेव. एखाद्या मैत्रिणीला दुसऱ्या रिसीव्हरवर बसवून दोन-तीन किलोहर्ट्झ बाजूला ऐकायला सांग. तिथे तू ऐकू येता कामा नये. ट्यूनिंगही डमी लोडवर कर. दुसऱ्याच्या पाइल-अपवर, म्हणजे त्याला हाका मारणाऱ्या गर्दीवर, शिट्टी वाजवत ट्यून करणारा माणूस सगळ्या बँडच्या शिव्या खातो, आणि त्या त्याने कमावलेल्या असतात.

पहिल्या स्पर्धेत तू स्वतः सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, देत बसू नकोस. शोधत जा. बँडच्या एका टोकाला सुरुवात कर, डायल हळूहळू फिरव, जो सीक्यू देतोय त्याच्यापाशी थांब. आणि तिथे लगेच तोंड उघडू नकोस. त्याची पूर्ण कॉल साइन ऐक. तो कोणाला काय देतोय ते ऐक. त्याचा झोन त्याच वेळी लॉगमध्ये टाइप करून ठेव. लॉग म्हणेल की याला आधीच घेतलंय, तर पुढे चल. नवा असेल तर त्याच्या लयीकडे लक्ष दे. तो दर वेळी आपली साइन सांगून किती वेळ थांबतो? सगळे एकदम ओरडतात तेव्हा कुणाला उचलतो, पहिल्याला की शेवटच्याला? बहुतेक चांगले ऑपरेटर गोंगाट ओसरताना जो सुटा शब्द उरतो तो उचलतात. म्हणून सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडायचं नाही. अर्धा सेकंद थांबायचं, आणि मग आपली पूर्ण साइन एकदाच, स्वच्छ: "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची तुझी अक्षरं. एकदाच. नुसती शेवटची दोन अक्षरं सांगू नकोस. त्याला परत विचारावं लागतं, तेवढ्यात दुसऱ्याचा वेळ जातो. त्याची साइन त्यालाच परत सांगू नकोस, ती त्याला पाठ आहे.

मग तो म्हणेल, तुझी साइन आणि "फाइव्ह नाइन वन फोर". तू: "फाइव्ह नाइन टू टू". तो: "थँक यू", त्याची साइन, आणि पुढचा. संपलं. पाच-सहा सेकंद. यामध्ये "रॉजर रॉजर", "प्लीज कॉपी", "माय झोन इज", "गुड लक इन द कॉन्टेस्ट फ्रॉम नागपूर" यातलं काहीही नको. आपल्याकडे फोन ठेवतानाही दहा मिनिटं दारात उभं राहून बोलायची सवय, मला ठाऊक आहे. पण इथे एक चांगला ऑपरेटर तासाला दीडशे-दोनशे स्टेशनं घेत असतो. त्याच्या प्रत्येक सेकंदावर मागे उभ्या असलेल्या रांगेचा हक्क आहे. थोडक्यात बोललीस तर त्याला तू सभ्य वाटतेस, आणि पुढच्या बँडवर तुझा दुबळा आवाज आला की तो कान टवकारतो. हीच ती ताकद.

त्याने तुझी साइन चुकीची घेतली तर? तीच अक्षरं मोठ्याने ओरडण्याऐवजी शब्द बदल. नेहमीच्या शब्दाने नाही कळलं तर देशाचं किंवा शहराचं नाव वापर: जी साठी जर्मनी, टी साठी टोकियो. चुकलेलं अक्षरच दोनदा सांग, अख्खी साइन नाही. आणि त्याने ती बरोबर परत म्हणेपर्यंत झोन देऊ नकोस. उलट, तो दुसऱ्याच कुणाला बोलावत असेल, "ज्युलिएट असलेलं स्टेशन" म्हणत असेल आणि तुझ्या साइनमध्ये ज्युलिएट नसेल, तर गप्प. पूर्ण गप्प. हे सगळ्यात कठीण आहे, कारण आत काहीतरी सांगत असतं की एकदा बोलून बघ. नको.

एखादा पाच-सहा वेळा हाक मारूनही ऐकत नसेल तर त्याची फ्रिक्वेन्सी मेमरीत टाक, पुढे जा, तासाभराने ये. तेव्हा गर्दी ओसरलेली असते. रविवारी दुपारनंतर तर मोठी स्टेशनं नव्या माणसासाठी आसुसलेली असतात. शनिवारी ज्याने दाद दिली नाही तोच रविवारी पहिल्या हाकेला उचलतो.

वेळापत्रक डोक्यात असू दे. पहाटे साडेपाचला ४० वर युरोप, २० वर अमेरिका मिळाली तर मिळाली. सूर्य वर आला की १५ आणि १० वर जपान, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकची बेटं. दुपारी साडेबारा-एकला युरोपात सकाळ होते, मग रात्रीपर्यंत १०, १५ आणि २० वर युरोपचा पूर. संध्याकाळी सहा ते नऊ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे कान ठेव. १० मीटरचं मात्र सूर्यावर अवलंबून. सौरडागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, पंचविसावं २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. उताराच्या वर्षांत १० कोरडा पडला तर निराश न होता २० वर ये. आणि ४० वर सकाळी आपली देशी मंडळी नेट घेतात, ज्येष्ठ लोक एकमेकांची विचारपूस करतात. त्यांच्या फ्रिक्वेन्सीपासून लांब राहा. स्पर्धा दोन दिवसांची, त्यांचा तो रोजचा कट्टा आहे.

हात बसला की रविवारी तासभर स्वतः सीक्यू देऊन बघ. त्याआधी फ्रिक्वेन्सी रिकामी दिसली तरी ऐक, मग विचार, "इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?" दोनदा. तुला जे ऐकू येत नाही ते दुसऱ्याला ऐकू येत असतं. कुणी "येस" म्हटलं की वाद न घालता सरक.

आता तू न विचारलेलं सांगते. तू सीक्यू दिलास आणि बाईचा आवाज निघाला की गर्दी वाढेल. हे आहे, आणि ते वाईटच असतं असं नाही. कितीतरी जण खरोखर आनंदाने येतात. आपल्या बायका-मुली या छंदात फार थोड्या आहेत. पण काहीजण रेंगाळतात. नाव विचारतात, वय विचारतात, "व्हॉट अ लव्हली व्हॉइस" म्हणतात. तुझ्या मागे रांग आहे हे विसरतात. अशा वेळी रागही नको आणि लाजही नको. "थँक यू", तुझी साइन, आणि पुढचं स्टेशन. तीन शब्दांत विषय बंद. उत्तर द्यायची जबाबदारी तुझ्यावर नाही. खुर्ची तुझी आहे, फ्रिक्वेन्सी तू चालवतेस. कुणी "एटी एट", म्हणजे प्रेम आणि पापे, म्हटलं तर तू साधं "सेव्हन थ्री", म्हणजे शुभेच्छा, म्हणून पुढे जा. बायका आपसांत "थर्टी थ्री" म्हणतात. दुसरी बाई भेटली तर ते म्हण, तेवढा एक सेकंद मी तुला माफ करते. एखादा खरंच घाणेरडं बोलला तर वाद घालू नकोस, डायल फिरव, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहून ठेव आणि मला सांग. घरचा पत्ता हवेवर कधीच द्यायचा नाही. क्यूएसएल कार्डं ब्यूरोमार्फत येऊ देत, बाकी खात्री लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर होते.

सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी जपानची बोलण्याची ऑल एशियन स्पर्धा असते, तिथे झोनऐवजी ऑपरेटरचं वय सांगायचं. बायकांसाठी वयाच्या जागी शून्य-शून्य द्यायची सोय त्यांच्याकडे जुनी आहे. काय द्यायचं ते तुझं तू ठरव. मी माझं वय सांगते. ऐंशीच्या घरातले जपानी आजोबा आपलं वय अभिमानाने सांगतात, तर मी काहून लपवू?

कुणी म्हणालं की हा पुरुषांचा उद्योग आहे, तर भारती प्रसाद यांचं नाव सांग. डिसेंबर २००४ मध्ये त्या पोर्ट ब्लेअरला गेल्या, व्हीयू-फोर-आरबीआय ही साइन घेऊन. अंदमानातून कित्येक वर्षांत हॅम रेडिओ ऐकू आला नव्हता, म्हणून अख्खं जग त्यांच्यावर तुटून पडलं होतं. आणि २६ तारखेला त्सुनामी आली. जिथे क्यूएसओ चालले होते तिथूनच बेटांवरच्या माणसांचे निरोप जाऊ लागले, कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवं आहे. गोंधळात एक नाव, एक आकडा अचूक उचलायचा, परत म्हणून खात्री करायची, पुढच्याकडे वळायचं. पाइल-अपमध्ये हेच करतात. तुझ्या शनिवार-रविवारच्या सरावाकडे घरात कुणी "नुसते आकडे काय सांगत बसते" म्हणून बघितलं, तर हे त्यांना जरूर सांग.

लॉगबद्दल मी कडक आहे. जे ऐकलंस तेच लिहायचं. अंदाजाने नाही, प्रोग्रॅमने सुचवलं म्हणून नाही. आयोजक सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात. साइनमधलं एक अक्षर चुकलं किंवा समोरच्याच्या लॉगमध्ये तू नसलीस तर ते गुण जातातच, वर दंडही बसतो. पण दंडासाठी सांगत नाही. स्पर्धा संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकून किंवा इंटरनेटवर शोधून साइन दुरुस्त करायला नियमांत मनाई आहे, आणि ते कुणाला दिसत नाही म्हणून सर्रास करणारे आहेत. तू करू नकोस. तसंच, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मी अमुक फ्रिक्वेन्सीवर आहे, या" असं टाकायचं नाही. आपलेपणाने केलं तरी ती स्वतःची जाहिरात ठरते. क्लस्टर, म्हणजे कोण कुठे ऐकू येतंय ती इंटरनेटवरची यादी, बघणार असशील तर असिस्टेड गटात नाव दे, नसशील तर त्या दोन दिवसांत तो उघडूच नकोस. क्लस्टरवर दिसलेली साइनही कानाने ऐकल्याशिवाय लिहायची नाही, तिथे चुकीच्या साइन भरपूर फिरतात. पन्नास वॉट म्हणजे पन्नास वॉट. आणि तीन वर्षांच्या आत परवाना मिळालेल्यांसाठी रूकी म्हणून वेगळी यादी लागते, त्यावर खूण करायला विसरू नकोस. तिथे तुझी तुलना तुझ्यासारख्यांशीच होईल.

घरचं आता. अठ्ठेचाळीस तास बसायचं नाही. पहिल्या खेपेला बारा-चौदा तास पुरे, चांगल्या वेळा निवडून. रात्री दोन ते पाच झोप. आईला महिनाभर आधी तारीख सांग, कॅलेंडरवर तिच्यासमोर लिही, आणि फराळाचं तुझ्या वाटणीचं आदल्या आठवड्यात उरकून टाक. चकल्या तिने एकटीने तळायच्या आणि तू हेडफोन लावून बसायचं, हे मला चालणार नाही. दुपारचं जेवण टेबलावर आणून मागू नकोस, उठ आणि सगळ्यांबरोबर जेव. साडेअकरा ते बारा तसाही बँड मंदच असतो. पाणी जवळ ठेव, पण रिगपासून लांब. घसा बसू नये म्हणून संगणकात रेकॉर्ड केलेला आपल्याच आवाजातला सीक्यू वापर, त्यात गैर काही नाही.

आणि विजेचं. ऑक्टोबरअखेर बहुधा आभाळ मोकळं असतं, पण जूनमधल्या मोर्सच्या ऑल एशियनला पाऊस नुकताच नागपुरात शिरत असतो. वीज चमकायच्या आधी हेडफोनमध्ये कडकड ऐकू येते. ती वाढली की स्कोअर कितीही रंगात असो, कोॲक्स रिगपासून काढायची, खिडकीबाहेर टाकायची, उठायचं. अर्थिंग नीट केलं असलं तरीही. यात सूट नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला संपलं की लगेच झोपू नकोस, आधी लॉगची फाइल वेगळी जपून ठेव, पेन ड्राइव्हवरही. पाठवायला पाच दिवस असतात, पण बुधवारच्या आत पाठव. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल मागवता येतो. त्यात कोणाच्या साइन चुकल्या ते एकेक ओळीत दिसतं. तो घेऊन मार्चआधी एक दिवस माझ्याकडे ये, कारण मार्चअखेर एसएसबीची डब्ल्यूपीएक्स आहे आणि तिथे झोनऐवजी चढता क्रमांक द्यावा लागतो, त्याचा सराव वेगळा. तार बांधायला मात्र या रविवारीच येते. खांबाला जीआय पाइप बघून ठेव, आणि दोरी काळी नायलॉनची घे, पांढरी उन्हात सहा महिन्यांत तुटते.